पवनीची घरे आणि मागाचा खड्डा

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा इतिहास लिहायला घेतला की हात आधी जमिनीखाली जातो, आणि त्याला सबळ कारण आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून मोठा बौद्ध स्तूप निघाला, त्याच्या कठड्याचे दगडी खांब निघाले, खांबांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली दात्यांची नावे निघाली, मुचलिंद नागाचे शिल्प निघाले. महाक्षत्रप रूपिअम्माचा स्तंभलेख आणि भार राजा भगदत्ताचा शिलालेख अभ्यासकांना आधीच ठाऊक होते. वैनगंगेकाठचे हे तालुक्याचे गाव त्यामुळे मौर्य-सातवाहनांच्या नकाशावर पक्के बसले. पण त्याच गावात, त्याच्या जुन्या मातीच्या तटाच्या आत, गेल्या शे-दीडशे वर्षांत उभी राहिलेली माती-सागवानाची घरे एकेक करून उतरवली जात आहेत, आणि त्यात इतिहासाचे काही जाते आहे असे फारसे कुणाला वाटत नाही. मला ते वाटते. पवनीच्या कापडधंद्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा या घरांत आहे, असे माझे म्हणणे आहे. तो वाचायचा तर मात्र घराकडे ‘वाडा’ म्हणून पाहण्याची सवय सोडावी लागेल आणि कामाची जागा म्हणून पाहावे लागेल.

आधी गावाची बैठक ध्यानात घ्यायला हवी. पवनी वैनगंगेच्या पश्चिम तीरावर आहे. एका बाजूला नदी आणि उरलेल्या तीन बाजूंना मातीचा उंच तट, त्याला लागून खंदक, तटावर पुढच्या काळातले दगडी बांधकाम आणि दरवाजा, अशी ही रचना. भोसल्यांच्या राज्यात गावाला ऊर्जितावस्था होती. नदीवर दगडी घाट आहेत आणि देवळे इतकी की आसपासचे लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी पंचमुखी गणपती इथलाच. अशा वेढलेल्या गावात वस्ती पसरत नाही, दाटत जाते. खेड्यातला मालगुजार ऐसपैस अंगण, गुरांचा कोठा, मागे बाडी आणि मधोमध चौक असा वाडा बांधू शकत होता, कारण जमीन त्याच्याच हातात होती. तटाआतल्या माणसाला रुंदी मिळत नसे. त्याचे घर रस्त्याला तोंड करून अरुंद बसे आणि मागे लांबत जाई. समोर ओटा, मग सपरी, मग माजघर, मग रांधणखोली, मग परसातला आड. पुण्याच्या वाड्याचा आराखडा डोक्यात ठेवून ही घरे पाहिली की ती तोकडी आणि अपुरी वाटतात. तो मापदंडच इथे चुकीचा आहे. चौक नाही, कारण चौकाचे काम रस्ता करीत होता, आणि हे काम काय होते ते विणकराच्या घराकडे पाहिल्यावर कळते.

कोष्ट्याच्या घरात सर्वांत महत्त्वाची गोष्ट जमिनीत असते. मागाचा खड्डा. विणणारा माणूस जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तळाशी असलेल्या पावड्यांनी ताण्याचे धागे वरखाली करतो. कापड त्याच्या कमरेच्या उंचीवर, म्हणजे जवळजवळ भुईला लागून तयार होत जाते. ही बैठक सवयीपोटी किंवा गरिबीपोटी आलेली नाही. बारीक सुताला कोरडी हवा सोसत नाही. ओल असेल तर कापसाचा धागा बळकट राहतो, हवा सुकली की तटातट तुटतो. वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापणाऱ्या या मुलखात रेशीमकाठी धोतरे, उपरणी आणि लुगडी विणायची तर धाग्याभोवती ओलावा धरून ठेवणारी जागा हवी. जमिनीत उतरलेला खड्डा, शेणामातीने सारवलेली भुई, हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर कवेलूंचे उतरते छप्पर यांनी मिळून ती जागा तयार होते. जाड भिंत दुपारची झळ आत येऊ देत नाही, कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि भुई पाणी शिंपडले की ते बराच वेळ धरून ठेवते. सिमेंटच्या फरशीवर आणि टिनाच्या पत्र्याखाली याच मागावर तेच सूत लावून पाहावे, फरक विणकराच्या बोटांना लगेच कळतो. म्हणजे ज्या घराला आपण कच्चे म्हणतो ते एका विशिष्ट कामासाठी नीट विचार करून बांधलेले घर आहे.

उजेडाचेही तसेच. माग दाराजवळ किंवा रस्त्याकडच्या खिडकीजवळ बसवलेला असे, कारण काठाची नक्षी विणताना धागा न धागा दिसावा लागतो. करवत काठीचे लुगडे घ्या. काठावर करवतीच्या दात्यांसारखी आकृती येते ती तीन धोट्यांनी, काठाचा एक, अंगाचा एक आणि दुसऱ्या काठाचा एक. काठाचा रंग आणि अंगाचा रंग एकमेकांत अडकवत पुढे जायचे असते, आणि एक अडकवण चुकली तर पुढचा दाता वाकडा होतो. अशा कामासाठी प्रकाश कुठून येतो, विणकराच्या कोणत्या हाताला येतो, याला महत्त्व आहे. मागाचा वरचा भार तुळईला दोरांनी टांगलेला असतो. वर्षानुवर्षे हलणाऱ्या दोरांनी तुळईच्या कडेवर गुळगुळीत खाचा पडतात. खड्डा बुजवला, वर फरशी घातली, मुलाने माग मोडून सरपणाला लावला, तरी तुळई जागेवर असेपर्यंत त्या खाचांवरून माग कुठे होता, किती रुंद होता आणि घरात एक होता की दोन, हे सांगता येते. कागदावरचा कुठलाही पुरावा एवढे सांगत नाही. सरकारी गॅझेटिअरांत पवनीच्या रेशीमकाठी कापडाचा उल्लेख आहे, जनगणनेत विणकरांची डोकी मोजलेली आहेत. पण एका घरात माणसे कशी बसत, कोण काय करी, हे तिथे सापडत नाही.

आता रस्त्याचे काम. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एका ताण्यात दोन-तीन लुगडी काढायची म्हटली तर पंधरा-वीस मीटरहून अधिक लांबीचा ताणा एका वेळी पसरावा लागतो. तो पसरून, ताणून, त्याला खळ लावायची आणि ओली असतानाच कुंच्याने धागे मोकळे करीत जायचे, ही पांजणी. तटाआतल्या कोणत्याही घरात एवढी सरळ मोकळी लांबी नाही. म्हणून पांजणी सकाळच्या उन्हात गल्लीत होई, दोन्ही टोकांना खुंट ठोकून. खळही इथल्याच पिकाची, तांदळाची. धानाच्या जिल्ह्यात ती कुणाला विकत आणावी लागत नव्हती. याचा अर्थ विणकरांच्या आळीतला रस्ता हा घराचाच एक भाग होता, आणि समोरासमोरच्या घरांचे ओटे हे त्या कामाच्या दोन बाजू होत्या. ओट्यावर आणि सपरीत बायका रहाटावर कांड्या भरत. त्यांच्या हातून सूत पुढे गेल्याशिवाय आत माग चालत नसे. पुरुष विणतो तो कोष्टी आणि बाई कांड्या भरते ते घरकाम, अशी वाटणी कागदोपत्री झाली. घराचा आराखडा मात्र तिचे काम लपवीत नाही. ओटा किती रुंद आहे, सपरी रस्त्याकडे किती उघडी आहे, दोन खांबांत एक रहाट आणि एक बसलेली बाई एवढे अंतर आहे की नाही, हे मोजता येते. गल्ली सरळ का आहे, तिथली घरे एका रेषेत का आहेत, ओटे रस्त्यात का घुसत नाहीत, याचेही उत्तर पांजणीतच सापडण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. म्हणून एखादे देखणे घर निवडून जपले आणि गल्ली रुंदीकरणात गेली, तर पुराव्याचा अर्धा भाग गेलाच.

विणकराच्या घरालगतच किंवा बाजाराच्या अंगाला सावकाराचे आणि कापड व्यापाऱ्याचे घर असे. लोक ‘वाडा’ म्हणून बोट दाखवतात ते या घरांकडे. दगडी जोते, घडीव तळखड्यावर उभे सागवानी खांब, कुसू-खोबणीने खिळ्यावाचून जोडलेल्या तुळया, कोरीव चौकट, वर माडी. पूर्व विदर्भात साग जंगलात होता आणि सुतारही जवळचेच, म्हणून लाकडाचा हात सढळ आहे. पण इथेही कोरीव कामावर नजर अडकली तर मुद्दा निसटतो. व्यापाऱ्याच्या घरात पहिली जागा बैठकीची, जिथे सूत आणि रेशीम उचल म्हणून दिले जाई आणि तयार कापड परत घेतले जाई. दुसरी जागा कोठीची, तिसरी धान साठवण्याच्या बांबूच्या ढोल्यांची, कारण बहुतेक ठिकाणी कापड आणि धान हे दोन्ही व्यवहार एकाच हाताने होत. बैठक रस्त्याच्या पातळीपेक्षा किती वर आहे, विणकर तिथे कोणत्या पायरीपर्यंत चढत असेल, मालाची वाट घरच्या वाटेपासून वेगळी आहे की नाही, हे पाहिले की उचलीचा व्यवहार दगडालाकडात मांडलेला दिसतो. एका गल्लीतला खड्डा आणि पलीकडच्या गल्लीतली बैठक ही एकाच धंद्याची दोन टोके आहेत. त्यातले एक जपून दुसरे टाकून देता येत नाही. भंडारा शहरात पांडे महालाचे नाव सगळ्यांच्या तोंडी असते, पण पितळेची भांडी घडवणाऱ्या साध्या घरांबद्दल क्वचितच कुणी विचारतो. पवनीत तीच चूक होऊ नये.

या घरांच्या भिंतींत धंद्याचा ऱ्हासही लिहिलेला आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याआधीच विलायती सूत येऊ लागले होते. आता गिरणीचे सूत शेजारच्या शहरातून येऊ लागले. पहिला घाव बसला तो हातसूत काढणाऱ्यांवर, आणि त्यात मोठा वाटा महार वस्त्यांचा होता, जिथे सूत काढणे आणि जाडेभरडे कापड विणणे हा पिढ्यांचा धंदा होता. बारीक कापड विणणारा कोष्टी काही काळ टिकला, कारण रेशीमकाठाची गिरणीला लगेच नक्कल करता येईना आणि एकसारखे गिरणी-सूत त्याला उलट सोयीचे झाले. पण आता तो सुतासाठी पूर्णपणे व्यापाऱ्यावर अवलंबून राहिला. मुंबई-कलकत्त्याच्या लोहमार्गाने वरठीजवळ ‘भंडारा रोड’ स्टेशन दिले, पवनीला ते दूर पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर-नागभीडची छोटी गाडी आली तिचे ‘पवनी रोड’ स्टेशनही गावापासून लांबच. नदी, घाट आणि बैलगाडीच्या वाटेवर मोठे झालेले गाव रेल्वेच्या वाटेवरून बाजूला पडले, आणि तुमसर, गोंदिया अशी रेल्वेवरची गावे धान आणि मँगनीजच्या जोरावर पुढे निघाली. मला वाटते पवनीची जुनी घरे इतकी वर्षे उभी राहिली ती याचमुळे. ज्या गावात पैसा आला तिथे जुने पाडून नवे बांधले गेले; इथे जुनेच डागडुजी करून वापरले गेले. पुढे दोरी ओढून धोटा फेकणारा माग आला, तेव्हा काही ठिकाणी रुंदी वाढवण्यासाठी भिंत सरकवली गेली. पॉवरलूम आल्यावर खड्डेच बुजले. आज हातमागाचे नाव निघते ते मोहाडी आणि आंधळगावच्या कोशाच्या साड्यांसाठी, जिथे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवरांनी वाढवलेल्या कोशांचे सूत मागावर चढते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही घरे मुळात जुनी नाहीत. मातीची भिंत दर काही वर्षांनी नवी होते, कवेलू दर पावसाळ्याआधी फेरले जातात, छुईने भिंत दर सणाला पोतारली जाते, खांब कुजला की बदलतो; मग यात मूळचे काय राहिले? आक्षेप वजनदार आहे, पण तो जगन्नाथ टेकडीच्या स्तूपालाही तसाच लागू पडतो. तो स्तूप एका वेळी बांधून संपला नव्हता. त्याचा घेर वेगवेगळ्या काळांत वाढवला गेला, वर नवे थर चढले, कठडा नंतर आला. उत्खननकर्त्यांनी या भरींना दोष मानले नाही, त्यांवरूनच स्तूपाचा काळ लावला. घराच्या बाबतीतही भर हाच पुरावा आहे. हाताने थापलेल्या देशी कवेलूंच्या जागी मंगलोरी कवेलू कधी आले, मातीच्या भिंतीला पक्क्या विटांचा दर्शनी भाग कोणत्या पिढीने लावला, माग गेल्यावर रस्त्याकडची खोली दुकान केव्हा झाली, हा क्रम म्हणजे गावाच्या मिळकतीचा आलेखच. आणि वयाचीच गोष्ट असेल तर १९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्यात प्राचीन वास्तूसाठी शंभर वर्षांची अट आहे. पवनीत ती ओलांडणारी घरे आजही सापडतील. शिवाय मोठ्या वास्तू टिकतील आणि लहान जातील हे गृहीतही खरे नाही. शनिवारवाड्याचा महाल १८२८ च्या आगीत गेला, तट आणि जोती राहिली. नागपूरचा भोसल्यांचा लाकडी राजवाडा १८६४ मध्ये जळाला, नगारखाना तेवढा उरला. मराठा काळाच्या लाकडी घरबांधणीचा विदर्भातला मुख्य नमुनाच हरवला असताना, त्याच परंपरेतली तालुक्याच्या गावातली लहान घरे अधिक मोलाची ठरतात.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. वाडे म्हणजे सावकारी, मालगुजारी आणि जातीची उतरंड. मध्य प्रांतात इंग्रजांनी मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क दिले. ३१ मार्च १९५१ रोजी ते हक्क कायद्याने संपले. ज्यांनी या घरांच्या ओट्यावर चढायला मनाई सोसली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी त्या ओट्यांचे जतन का करावे? पवनीत हा प्रश्न हवेतला नाही. १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि तेरा-चौदा वर्षांत पवनीच्या टेकडीतून स्तूप निघाला. इथल्या बौद्धांना त्या दगडांत आपला इतिहास सापडला, आणि पवनीजवळ रुयाडला महासमाधीभूमीचा स्तूप उभा राहिला तो याच भावनेतून. त्यांना सावकाराच्या माडीचे कौतुक सांगणे निर्दयपणाचे होईल. पण म्हणूनच मी वाड्याच्या कौतुकावर हा विचार उभा केलेला नाही. घर कामाची जागा म्हणून वाचले तर सूत काढणाऱ्या महार वस्तीतले घर, कोष्ट्याचे घर, ढिवराचे जाळे विणण्याचे अंगण आणि व्यापाऱ्याची बैठक हे एकाच नोंदीत येतात, आणि कुणाच्या श्रमावर कुणाची माडी उभी राहिली हे त्या नोंदीतच दिसते. बैठकीची उंची आणि ओट्याच्या पायऱ्या मोजून ठेवल्या तर उतरंडीचा पुरावा राहतो. घर पाडले की तो पुरावाही पडतो, आणि मग असे काही नव्हतेच म्हणायला लोक मोकळे होतात. स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्या सामान्य माणसांची नावे दोन हजार वर्षे टिकली, कारण ती दगडात कोरली होती. विणकराचे आणि सूत काढणारीचे नाव कुठेच कोरलेले नाही. त्यांच्या हाताची खूण उरली आहे ती भुईत आणि तुळईत.

तिसरा आक्षेप राहणाऱ्या माणसाचा, आणि त्याच्यापुढे इतिहासाने अदबीनेच बोलावे. कवेलूचे घर राखणे कठीण झाले आहे. वानरांचा कळप एकदा छपरावरून गेला की शेकडो कवेलू फुटतात; फेरणारा माणूस मिळत नाही; कुंभारांनी कवेलू पाडणे थांबवत आणले. वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात गळते घर म्हणजे आजारपण. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या धरणाचे पाणी सुटले, वैनगंगेला महापूर आला, गोसेखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि त्या धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या पवनीसह काठावरच्या गावांत पाणी शिरले. पाण्यात उभी राहिलेली मातीची भिंत विरघळते, हे कोणत्याही प्रेमाने खोटे ठरत नाही. त्यात घरकुलाची योजना. जनगणनेच्या वर्गवारीत मातीची भिंत कच्च्या साहित्यात मोडते. प्रधानमंत्री आवास योजनेचे अनुदान पक्क्या बांधकामाला मिळते, शहरी भागात अडीच लाखांपर्यंत. जुने घर दुरुस्त करून राहायला असा पैसा नाही. अशा वेळी कुटुंबाने जुने पाडून स्लॅब टाकला तर त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही. आणि ‘वारसा’ या शब्दाची लोकांना भीती वाटते तीही समजण्यासारखी आहे: एकदा यादीत घर गेले की खिळा ठोकायलाही परवानगी लागेल, विकायला गिऱ्हाईक मिळणार नाही. भाडेकरू, भाऊबंदकीतल्या वाटण्या आणि नझूलच्या जागांचे जुने गुंते आधीच डोक्यावर असताना त्यात ही भर कुणाला नको.

मग करायचे काय? माझे मत असे की पवनीत घरे गोठवण्याचा आग्रह धरू नये. उतरवण्याआधी मोजण्याचा धरावा. या दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात आणि त्यामुळे दोन्ही होत नाहीत. १९६९-७० ला जमिनीखालच्या थरांसाठी जे केले तेच जमिनीवरच्या थरांसाठी करता येते, आणि ते कितीतरी स्वस्त आहे. ज्या विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागाने टेकडी खणली तो विभाग आहे. नागपुरात व्हीएनआयटीचा वास्तुकला विभाग आहे, ज्याच्या विद्यार्थ्यांना मोजणीच्या सरावासाठी घरे हवीच असतात. नगरपरिषदेकडे नव्या बांधकामाच्या परवानगीचा अर्ज येतो तेव्हा जुने घर अजून उभे असते. त्या अर्जाला जुन्या घराचा मोजलेला नकाशा आणि छायाचित्रे जोडली जातील एवढी व्यवस्था झाली, तीही मालकावर खर्च न टाकता आणि परवानगी न अडवता, तर कुणाचेच नुकसान नाही. काही थोडी घरे, शक्यतो एका सलग गल्लीतली, मालकांच्या संमतीने आणि दुरुस्तीचा खर्च शासनाने उचलून राखता आली तर उत्तमच. ती निवडताना कोरीव चौकटीपेक्षा गल्लीचे सलगपण पाहावे.

पण मोजणी म्हणजे दर्शनी भागाचा सुंदर फोटो आणि तळमजल्याचा नकाशा, इतके करून भागणार नाही. वास्तुरचनेच्या नेहमीच्या नकाशात मागाचा खड्डा येतच नाही, कारण तो बहुधा बुजलेला असतो आणि घरातल्या तरुणांना त्याची जागाही ठाऊक नसते. खड्ड्याची लांबी-रुंदी आणि खोली, दारापासूनचे आणि खिडकीपासूनचे त्याचे अंतर, उजेड कोणत्या बाजूचा, तुळईची उंची आणि तिच्यावरच्या दोरखुणा, ओट्याची रुंदी, समोरच्या ओट्यापर्यंत गल्ली किती, पांजणीचे खुंट कुठे ठोकत, बैठक रस्त्यापासून किती पायऱ्या वर, पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर कुठवर आहे, हे सगळे टिपावे लागेल. यातले पुष्कळसे विचारूनच कळणार आहे. ज्यांनी तरुणपणी खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकला आणि ज्यांनी सपरीत बसून कांड्या भरल्या, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. टेकडीतला स्तूप दोन हजार वर्षे वाट पाहू शकला; या कामाला पुढची काही वर्षेच आहेत, आणि सुरुवात घराच्या दारात बसलेल्या म्हातारीला तिचा रहाट कोणत्या खांबाशी असे ते विचारण्यापासून करता येईल.